हवेची बंदूक घेण्यापूर्वी

सुगीचा पैसा हाती आला म्हणजे घरातील तरुण मंडळींच्या मनात एक हौस डोकावू लागते. एखादी स्वस्तशी हवेची बंदूक घ्यावी, बांधावर बसून ससा-तित्तर टिपावे, पिकावर उतरणारी पाखरे हाकलावी आणि जमल्यास सायंकाळच्या कालवणाचीही सोय करावी. गावाकडील आप्तेष्ट आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडी उतरतात तेव्हा हाच प्रश्न पुढे येतो, की कमी किमतीत चांगली बंदूक कोणती? आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. शिकारीची विद्या आमच्या अंगी नाही. परंतु पंचनामे, जबाब व टिपणे लिहिण्यात हयात गेली असल्यामुळे, लहानशा वस्तूपायी मोठा खटला कसा उभा राहतो हे आम्ही जवळून पाहिले आहे. सभासद बंधूंच्या उपयोगी पडेल अशा हेतूने ह्या विषयाची मांडणी येथे क्रमाने करीत आहो.

प्रथम कायदा

बंदुकीची किंमत विचारण्यापूर्वी तिचे काम कोणते हे ठरविले पाहिजे. लहान शिकार हेच काम मनात असेल, तर आमचे उत्तर एका वाक्यात संपते: ती बंदूक घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्याच्या नवव्या कलमान्वये वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. ‘शिकार’ ह्या शब्दात केवळ ठार मारणे येत नाही. जखमी करणे, फासे लावून धरणे, पक्ष्यांची अंडी अथवा घरटी मोडणे, इतकेच नव्हे तर ह्यांपैकी कोणताही प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा चुकत नाही.

ससा, तित्तर, लावा, होला ही जुन्या लोकांची ‘किरकोळ शिकार’. हे सर्व ह्या कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. मोर तर पहिल्याच अनुसूचीत आहे. पूर्वी पाचवी म्हणून एक अनुसूची असे व तीत कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे ह्यांस उपद्रवी म्हटले होते. २०२२ सालच्या सुधारणेने ती अनुसूचीच काढून टाकली व ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तेव्हा ‘कावळा मारल्यास कोण विचारतो’ हे ऐकीव ज्ञान आता टाकून द्यावे. सामान्य शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल, किंवा शिकार राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर कैद तीन वर्षांहून कमी नाही व सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. दंडही पंचवीस हजारांहून कमी नाही. ज्या हत्याराने शिकार केली ते सरकारजमा होते.

मुलुंडच्या पश्चिमेस ज्या डोंगररांगा दिसतात, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आहेत. तेथे लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन शिरणे हाही स्वतंत्र अपराध होय. पावसाळ्यात मौजेने डोंगर चढणाऱ्या मुलांच्या हाती बंदूक देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे विसरू नये.

पूर्वी असे नव्हते हे खरे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांनी लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेत मिलार्ड साहेबांकडे गेले, आणि तेथून त्यांच्या पक्षिज्ञानास आरंभ झाला. परंतु त्या मुलाचे मोठेपण चिमणी पाडण्यात नव्हते. तो ठिपका पाहून प्रश्न विचारण्यात होते. अलीकडचे उदाहरण अरुणाचल प्रदेशाचे आहे. जेथे घरोघरी शिकारीची चाल, तेथेच २०२१ साली हवेच्या बंदुका स्वखुशीने सरकारात जमा करण्याची मोहीम निघाली व लोकांनी त्या मोठ्या संख्येने आणून दिल्या.

मग बंदूक कशासाठी?

निशाणबाजीसाठी. हा खेळ उत्तम आहे. दहा मीटरांवरील निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा ह्यांनी ह्याच खेळात सुवर्णपदक मिळविले, व मुंबईच्या अंजली भागवत २००२ साली ह्याच प्रकारात जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. श्वास आवरणे, हात स्थिर ठेवणे, एकाग्र होणे हे गुण शेतकऱ्याच्या मुलासही लाभदायकच आहेत. ह्या कामासाठी बंदूक कशी निवडावी ते आता सांगतो.

प्रकार व शक्ती

स्वस्त बंदूक बहुधा कमानीची असते. नळी मधून मोडून खाली ओढली म्हणजे आतील दट्ट्या मागे सरतो व पोलादी कमान दाबली जाते. चाप ओढताच दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते व छर्रा सुटतो. हिला दुसरे काही लागत नाही, म्हणून खेड्यात हीच सोयीची. दुसऱ्या प्रकारात कमानीऐवजी कोंडलेला वायू असतो. तिसऱ्या प्रकारात हवा आगाऊ भरून ठेवितात. ही नेमास फार चांगली, परंतु तिला स्वतंत्र पंप लागतो व खर्च कैक पटींनी वाढतो. साध्या देशी बंदुका सुमारे चार-पाच हजार रुपयांपासून मिळतात. दहा-पंधरा हजारांत समाधानकारक बंदूक येते. नवशिक्याने ह्याहून अधिक खर्च करू नये.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्रा ४.५ मिलिमीटरपर्यंत व शक्ती २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. शक्तीचे गणित सोपे आहे. छर्ऱ्याचे वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, वेगाच्या वर्गाने गुणावे व त्याचे निम्मे करावे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास २०० मीटर वेगाने सुटला तर १० ज्यूल होतात. २८० मीटर वेगाने सुटला तर जवळजवळ २०. दुकानदार ‘जास्त जोराची’ म्हणून जी पुढे करील, ती परवान्याच्या हद्दीत तर जात नाही ना, हे ह्या हिशेबाने पाहावे. निशाणास जोर लागत नाही. दहा मीटरांवर सात-आठ ज्यूल पुरे होतात. ५.५ मिलिमीटरची बंदूक परवान्यावाचून घेऊच नये.

दुकानातील पारख

१. नळीच्या आत मळसूत्री खाचा आहेत की नाहीत ते उजेडाकडे धरून पाहावे. खाचा नसल्यास नेम राहत नाही.

२. नळी मिटल्यावर सांध्यात हालचाल नसावी.

३. चाप एकसारखा व हलका सुटावा. सुरक्षेचा खटका घट्ट असावा.

४. दस्ता खांद्यास लावून गाल सहज टेकतो की नाही ते वापरणाऱ्याने स्वतः पाहावे. बापाच्या मापाची बंदूक मुलास बसत नाही.

५. शक्य असेल तर दहा मीटरांवर पाच छर्रे झाडून पाहावे. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तर वस्तू घेण्याजोगी समजावी.

६. दुर्बिणीच्या मोहात पडू नये. कमानीच्या धक्क्याने स्वस्त दुर्बीण लवकरच निकामी होते. आरंभी साधी माशीच बरी.

७. ओळखीचा कागद देऊन पक्की पावती घ्यावी व ती बंदुकीबरोबर ठेवावी. पावतीवाचूनचा माल कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

वापर व निगा

छर्ऱ्यावाचून चाप ओढू नये. दट्ट्या आदळून मोडतो. साधे तेल दट्ट्याच्या नळकांड्यात घालू नये. दाबाने ते पेट घेते. भरलेली बंदूक ठेवून देऊ नये. छर्रे शिशाचे असल्यामुळे हात धुतल्यावाचून भाकरीस लावू नये. निशाणामागे वाळूने भरलेली पेटी असावी. दगड, झाडाचा बुंधा किंवा विहिरीचा कठडा कधीही नसावा.

हे शेवटचे वाक्य आम्ही फार मोल देऊन शिकलो आहो. मुरबाडकडील आमच्या पुतण्यास बंदूक घेण्यासाठी निम्मे पैसे आम्हीच दिले होते. विहिरीजवळच्या आंब्यावर पोपटांचा थवा उतरला, त्याने छर्रा सोडला. तो कठड्यावरून उलटला व पाणी भरण्यास आलेल्या गड्याच्या मुलास डोळ्याखाली लागला. एका बोटाच्या अंतराने त्याचा डोळा वाचला. त्या मुलाच्या बापाने आम्हांस एक शब्दही दुरुत्तर केले नाही. ते मौन आम्हांस अजून टोचते. पोपट तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेच.

पीक कसे राखावे?

छर्ऱ्याने पाखरांचा थवा कमी होत नाही, व रानडुकरास तो केवळ चिडवितो. पाखरांसाठी चमकत्या पट्ट्या, जाळी, डबे व माळ्यावरची राखण, डुकरासाठी सौर कुंपण हेच उपाय टिकतात. तारेत घरची वीज सोडणे मात्र मनुष्यवधास आमंत्रण होय. जनावर अतिशय उपद्रवी झाले तर अकराव्या कलमाखाली वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाची वाट आहे. आपल्या मर्जीची नाही. आणि नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनखात्यास कळवावे, सातबारा जोडावा, पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक हलवू नये व अर्जाची पोच मागून घ्यावी. मुदत टळलेला अर्ज खरा असूनही फिरतो, हे आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे.

सारांश, बंदूक घ्यावयाची तर निशाणासाठी, मापाची, पावतीची व मागे वाळूची पेटी ठेवून घ्यावी. हे चारही जमत नसेल, तर ते पैसे जाळीस व कुंपणास लावावे. पुढील सुगीस ते व्याजासह परत येतील.