प्रवेश कोणत्या कोट्यातून, ते आधी विचारा

बारावीचा निकाल लागला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कॉलेजांचे एजंट हिंडायला लागतात. हातात गुळगुळीत माहितीपत्रकं आणि तोंडात एकच वाक्य : ‘एसटी आहात ना? मग एक रुपया लागणार नाही.’ या वाक्यावर विसंबून माझ्या भावाचे ३५,००० रुपये गेले आणि भाचीचं एक अख्खं वर्ष गेलं. राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही, कारण तोच माणूस यंदाही आमच्या रस्त्याला फिरताना लोकांनी पाहिला आहे.

भाऊ तलासरी तालुक्यातला, उंबरगावच्या जीआयडीसीत रोजंदारीवर जातो. भाचीला बी.फार्म. करायचं होतं, सीईटीत मार्कही बरे होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्यातच मी बजावून सांगितलं होतं की कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या होऊ देत, तोवर कोणाच्या हातात पैसे देऊ नका आणि कागद तर नकोच नको. पण माझी नोकरी मोखाड्याकडे, आणि तो मनुष्य दिवसाआड भावाच्या ओट्यावर येऊन बसणारा. वहिनीला ताई म्हणायचा, चुलीवरचा कोरा चहा मागून प्यायचा. रोज समोर बसणाऱ्याचं बोलणं खरं वाटतं, यात माझ्या भावाचा दोष मी मानत नाही.

त्याने तीन गोष्टी केल्या. प्रवेश प्रक्रियेची नोंदणी ‘मी करून देतो’ म्हणून केली आणि त्यात मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. मग ‘पडताळणीला लागतात’ म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला, सगळं मूळ, घेऊन गेला. शेवटी ‘सीट बुक करायला’ म्हणून पैसे. त्यातले १५,००० कॉलेजात भरले, त्याची पावती मिळाली. २०,००० त्याने रोख घेतले, त्याची पावती नाही. हे पैसे वहिनीने बचत गटातून उचलले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा भाचीने कॉलेजची नोटीस पुढे केली. उरलेली फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. मी म्हटलं, तुझी शिष्यवृत्ती आहे ना, मग कसली फी? खुंटीला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि एकेक कागद चटईवर मांडला. फीच्या पावतीवर नावाखाली एक ओळ होती, बारीक इंग्रजी अक्षरांत : सीट टाइप, इन्स्टिट्यूट लेव्हल. भाचीने ती वाचली होती, पण तिचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. मला तो माहीत होता. पोरीचा प्रवेश कॅपमधून झालेलाच नव्हता. संस्थास्तरीय कोट्यातली, ज्याला लोक व्यवस्थापन कोटा म्हणतात, ती जागा तिला विकली होती. लॉगिन उघडून घेतलं तेव्हा दिसलं की कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरलेलाच नाही. नोंदणी केली आणि तिथेच सोडून दिली. पोरगी कॅपच्या फेरीत उतरलीच नाही. कारण ती उतरली असती तर एजंटाला काय मिळणार होतं?

आता यातली मेख समजून घ्या. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजात साधारण ८० टक्के जागा सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. २० टक्के जागा संस्था आपल्या पातळीवर भरते. शासनाकडून फी मिळते ती कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्याची. कॉलेज तेच, वर्ग तोच, बाक तोच, पण एकीची फी सरकार भरतं आणि शेजारचीच्या बापाला ती खिशातून भरावी लागते. जातीचा दाखला दोघींकडे सारखाच असतो. एजंट हे सांगत नाही, कारण कॅपमधून जाणाऱ्या मुलीला त्याची गरजच नसते.

कॉलेजच्या कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी फॉर्मला कॅप आयडी लागतो, तो तुमच्याकडे नाही. तुमच्या माणसाने काय सांगितलं त्याला आम्ही जबाबदार नाही.’ आमचा माणूस! मी एजंटाला फोन लावला. त्याचं उत्तर माझ्या कानातून जात नाही. म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही नोकरीवाल्या. भावाच्या पोरीसाठी एवढे भरायला तुम्हाला काय जड आहे?’ त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही.

प्रवेश रद्द करतो म्हटल्यावर कॉलेजने अडवलं. वर्षाची फी भरा, मग मूळ दाखले मिळतील. इथे मात्र मी सोडलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट अधिसूचना काढली आहे : कॉलेजने मूळ प्रमाणपत्रं तपासून तिथल्या तिथे परत द्यायची, ती अडकवून ठेवता येत नाहीत. त्याचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. शिक्का द्यायलाही खळखळ केली. पण त्या शिक्क्यानंतर कागद परत आले. पैसे आले नाहीत. त्याच अधिसूचनेत फी परतीचा तक्ता आहे : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर जवळजवळ सगळी फी परत, त्यानंतर ९०, ८० आणि ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. आम्हाला कळलं तेव्हा महिना केव्हाच उलटला होता. आणि एजंटाने घेतलेल्या रोख रकमेला कागदच नव्हता.

ते वर्ष भाचीने सकाळी बोर्डीकडच्या वाडीत चिकू निवडले आणि दुपारी सीईटीचा अभ्यास केला. पुढल्या वर्षी जवळपास तेवढ्याच पर्सेंटाइलवर तिला कॅपमधून जागा मिळाली आणि शिक्षण शुल्क माफ झालं. म्हणजे पहिल्याच वर्षी मिळणार होतं ते तिच्यापासून हिरावून घेतलं होतं. हे मी आजही ज्याला-त्याला सांगते.

तुमच्या घरात यंदा किंवा पुढल्या वर्षी बारावी असेल तर पुढचं नीट वाचा.

जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करा. निकालानंतर धावपळ करून ती हातात पडत नाही. जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मागतात. आपल्याकडे कितीतरी आजे-पणजे शाळेत गेलेलेच नाहीत, मग शाळेची नोंद आणायची कुठून? अशा वेळी कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि जमिनीचे जुने उतारे तहसील कार्यालयातून काढा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झाली असेल, चुलता, चुलत भाऊ, आत्या, तर त्याची प्रत सगळ्यात उपयोगी पडते. एकाच आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, आणि चालू वर्षाचा. अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यापुढे गेलात तर फ्रीशिप आहे, त्यात फी माफ होते पण निर्वाह भत्ता नाही. म्हणून उत्पन्न लपवू नका आणि सेतूवाल्याला अंदाजाने आकडाही टाकू देऊ नका.

बँक खातं मुलीच्या नावावर हवं, आणि त्याला आधार नुसतं जोडलेलं नको, सीडिंग झालेलं, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद झालेलं हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात दोन-तीन खाती असतील तर ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं त्यात पैसे जातात, आणि लोक भलतंच पासबुक भरून घेत बसतात. कमी कागदांवर उघडलेलं मर्यादित खातं असेल तर त्यात ५०,००० रुपयांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या.

महाडीबीटीचा अर्ज एकदा भरला की झालं, असं नाही. तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. भरल्यावर तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे. कित्येक अर्ज कॉलेजच्या पातळीवरच पडून राहतात किंवा एखाद्या धूसर स्कॅनसाठी परत येतात, आणि मुलांना पत्ता नसतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा.

फीचा आकडा कॉलेजच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका. व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. त्याहून जास्त मागितली तर तक्रार करता येते. आणि हिशेब पहिल्या वर्षाचा करू नका, चारही वर्षांचा करा. वसतिगृह, जेवण, डहाणू रोडवरून गाडीचा पास, पुस्तकं, प्रयोगशाळेचा कोट. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती हप्त्यांत आणि उशिरा येते. सुरुवातीच्या चार-पाच महिन्यांचा खर्च घरात बाजूला काढलेला असला पाहिजे.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो विसरू नका. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात पैसे येतात. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ही योजना पाड्यावर फारशी कोणाला माहीत नाही. एजंट ती सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचा वाटा नाही.

ज्यांच्या मुली एसटीत नाहीत त्यांनीही ऐका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण फी माफी आहे. तिथेही अट तीच : प्रवेश कॅपमधून हवा, संस्थेच्या कोट्यातून नको.

कर्ज काढायची वेळ आलीच तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेत जा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. शाखेत तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा.

बाकी नेहमीच्या गोष्टी. घाईत सही करू नका. पावतीशिवाय पैसे देऊ नका. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवा.

आमच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी १९४५ साली वारली एकत्र आले आणि त्यांनी वेठबिगारी झुगारून दिली. तेव्हा आपली माणसं निरक्षर होती, कागदावर काय लिहिलं आहे हे कळायचं नाही आणि अंगठा घेणारे त्याचा फायदा उठवायचे. आज आपल्या मुली बारावी शिकल्या आहेत, सीईटी देत आहेत. त्यांचे दाखले दुसऱ्याच्या बॅगेत कशाला जाऊ द्यायचे? तो दाखला म्हणजे सरकारने कोणाला दिलेली भीक नाही, तो आपला हक्क आहे, आणि त्याच हक्काचा धंदा करून कोणी घर चालवत असेल तर त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायची गरज नाही.

म्हणून हात जोडून सांगते. निकाल लागायच्या आधी पोरीला घेऊन डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात जा, योजनांची माहिती तिथे फुकट मिळते. प्रवेश घ्यायच्या दिवशी एकच प्रश्न विचारा, हा प्रवेश कॅपचा की संस्थेचा, आणि उत्तर लेखी घ्या. मूळ कागद तपासून त्याच दिवशी घरी आणा. आणि नोंदणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर आपल्या मुलीचाच टाका.