प्रथिनांची रचना : दोन उपकरणांची साक्ष

प्रथिनांचे रेणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आहे तसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्याने आकार दिसतो. परंतु चित्र अस्पष्ट असल्यास कोणते प्रथिन कोठे बसले आहे, हे कळत नाही. ती उणीव द्रव्यमान-वर्णपटमापक भरून काढतो. शेजारची प्रथिने प्रथम रासायनिक दुव्यांनी जोडतात, मग त्यांचे तुकडे करून वजन करतात. जे तुकडे जोडीने सापडतात, ते मूळ रचनेत परस्परांजवळ होते, असे समजावे. या व अन्य पुराव्यांच्या मेळानेच २०१८ साली यीस्टच्या पेशीकेंद्रकावरील रंध्रातील ५५२ प्रथिनांची मांडणी उलगडली. चित्र आणि वजन यांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष ग्राह्य ठरतो.