फोर्ड, शेवरोले खटखटते? आधी आवाज शोधा, मग पार्ट बदला

शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ अखेर थांबली. फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. एमएच-३७ (वाशिम) पासिंगची फिगो, इकोस्पोर्ट किंवा बीट चालवत असाल, तर खर्च ब्रँडवर कमी आणि चुकीच्या निदानावर जास्त होतो.

गॅरेजमध्ये जाण्याआधी आवाज ओळखा. लहान खड्ड्यात खटखट : बहुधा लिंक रॉड किंवा बुश. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कटकट : एक्सलचा जॉइंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर : शॉकअपचं माउंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर : व्हील बेअरिंग. चाकाला प्ले (ढिलेपणा) असेल, तर समृद्धी महामार्गावर गाडी घालूच नका.

ढोबळ खर्च, लोकल मालाचा : लिंक रॉड नगाला ४०० ते १,००० रुपये, लोअर आर्म दीड ते तीन हजार, पुढचे शॉकअप जोडीला पाच ते आठ हजार. अलाइनमेंट ३०० ते ६००. मजुरी वेगळी. स्टिअरिंग रॅक मात्र दहा हजारांपुढे जातो. म्हणून ‘रॅक गेला’ म्हटलं, की चाक जॅकवर उचलून प्ले दाखवायला सांगा आणि दुसऱ्या मिस्त्रीचं मत घ्या.

छुपे खर्च इथे असतात. इकोस्पोर्टचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. ‘पॉवर स्टिअरिंग ऑइल’ बिलात आलं तर नाकारा. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलल्यावर अलाइनमेंट लागतंच, ते आधीच भावात धरा. पार्ट अकोल्याहून किंवा नागपूरहून येणार असेल, तर भाडं कोणाचं ते ठरवा. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. २८ लावला तर विचारा.

सोबत आरसीची प्रत ठेवा. त्यावरच्या चासी नंबरशिवाय मागवलेला पार्ट चुकू शकतो. आगाऊ रकमेची पावती, जुना पार्ट आणि पक्कं बिल घ्या. लिंक रॉड तासाभरात बसतो. पार्ट मागवायचा असेल तर वेळ त्याच्या येण्यावर.

जुनी गाडी विकत घेताय? सौद्याआधीच रॅक आणि शॉकअप मिळतात का, कितीला, ते दोन दुकानांत विचारा. नुसती ‘कंपनी चांगली’ ऐकून पैसे देऊ नका.

फसवणूक झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. दाद लागली नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.