क्रीडाशिक्षकाच्या अपेक्षा

मुलगा अथवा मुलगी शाळेच्या संघात निवडली गेली म्हणजे घरात आनंद होतो, आणि तो होणे योग्यच आहे. परंतु निवड हा खेळाचा आरंभ होय, शेवट नव्हे. त्या दिवसापासून शिक्षक, खेळाडू आणि पालक ह्या तिघांमध्ये एक करार होतो. तो कागदावर कोणी लिहीत नाही. म्हणून त्यातील कलमे पुष्कळांस ठाऊक नसतात, आणि चांगले संघ अर्ध्या वाटेत मोडतात. ही कलमे कोणती, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणादाखल सर्वांच्या परिचयाचा खो-खो घेऊ.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण मधल्या पाटीवरील चौरसांत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात, नववा धावतो. बसलेल्या गड्याने पाठीमागून ‘खो’ मिळाल्यावाचून उठावयाचे नाही. प्रतिपक्षाचा गडी हाताच्या अंतरावरून निसटून गेला तरी नाही! आणि खो मिळाल्यावर क्षणाचाही विलंब लावावयाचा नाही. ह्या एका नियमात क्रीडाशिक्षकाच्या बहुतेक अपेक्षा सामावल्या आहेत. आपली जागा ओळखावी, आपल्या पाळीची वाट पाहावी, आणि पाळी आली म्हणजे सर्व शक्ती पणास लावावी.

खेळाडूकडून पहिली अपेक्षा वक्तशीरपणाची. एक गडी उशिरा आला तर आठव्या चौरसात बसावयास कोणी नसते, आणि इतरांचा सराव अपुरा राहतो. दुसरी अपेक्षा अशी की, राखीव गडी म्हणून नाव आले तरी रुसून बसू नये. मैदानातील आठ जणही बसलेलेच असतात. बाहेर बसणारा त्यांच्याहून फार निराळा नाही. तिसरी अपेक्षा, पंचाचा निर्णय प्रतिकूल गेला तरी मुकाट्याने स्वीकारावा. चौथी, दुखापत झाल्यास ती लपवू नये. संघातून वगळले जाऊ ह्या भयाने मुरगळलेला पाय लपविणारा मुलगा स्वतःचे नुकसान करतो व संघाचेही.

संयमाची ही मागणी नवी नाही. प्राचीन काळी करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत, आणि विजेत्यास पाल्याचा मुकुट मिळे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने शर्यतीचाच दृष्टांत घेतला आहे. सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू जर इतका संयम पाळतो, तर त्याहून श्रेष्ठ ध्येयासाठी मनुष्याने किती पाळावा, असा त्याचा आशय आहे.

आता पालकांकडे वळू. महागाव तालुका कापसाचा. वेचणीचे दिवस आले म्हणजे घरातील प्रत्येक हात हवासा वाटतो. त्याबद्दल कोणासही दोष देता येणार नाही. शिक्षकाची विनंती एवढीच असते की, अडचण आधी कळवावी. दोन दिवस अगोदर कळले तर सरावाची वेळ बदलता येते; सामन्याच्या दिवशी सकाळी कळले तर काहीच करता येत नाही. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक नाजूक आहे. सामना परगावी असेल तर सोबत कोण जाणार, परत केव्हा येणार, हे विचारणे हा आईवडिलांचा अधिकारच आहे. ते आधी नीट विचारून घ्यावे, आणि एकदा होकार दिला म्हणजे आदल्या रात्री तो फिरवू नये. त्यायोगे एका मुलीची नव्हे, साऱ्या संघाची मेहनत वाया जाते.

दुसरी अपेक्षा पाळावयास अधिक कठीण आहे. सामना चालू असता पालकांनी रेषेबाहेरून सूचना देऊ नयेत. शिक्षक ‘थांब’ म्हणतो आणि वडील ‘पळ’ म्हणतात, तेव्हा मुलाने ऐकावे कोणाचे? आपल्या भाषेत कार्यात विघ्न आणण्यास ‘खो घालणे’ म्हणतात. प्रेमापोटी ओरडणारे पालक नकळत तेच करीत असतात. टाळ्या वाजवाव्यात, दोन्ही संघांसाठी वाजवाव्यात. आणि पराभवानंतर घरी जाताना कोण चुकले ह्याची चौकशी करू नये. मुलास त्या वेळी भाकरी आणि झोप ह्यांची गरज असते.

मुलास शिक्षकाच्या स्वाधीन करणे म्हणजे काय, ह्याचे एक उदाहरण क्रिकेटच्या क्षेत्रात आहे. १९८४ साली अजित तेंडुलकर ह्यांनी आपला अकरा वर्षांचा धाकटा भाऊ सचिन ह्यास मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर ह्यांच्याकडे नेले. पुढे आचरेकरांच्या सल्ल्याने त्याची शाळा बदलून त्यास शारदाश्रम विद्यामंदिरात घालण्यात आले. मैदान जवळ पडावे म्हणून तो काका-काकूंच्या घरी राहू लागला. वडील रमेश तेंडुलकर हे कवी आणि मराठीचे प्राध्यापक. त्यांनी मुलास मोकळीक दिली, आणि आडवाटेने यश मिळवू नये एवढेच बजावले. २०१३ साली निवृत्तीच्या भाषणात सचिन ह्यांनी सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही. स्तुतीने शिष्य गाफील होईल असे त्यांना वाटे. घरच्यांनी ही कठोरता सोसली, कारण तिच्या मागील कळकळ त्यांनी ओळखली होती.

तथापि विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. मारहाण अथवा अपमान होत असेल, किंवा मूल मैदानाचे नाव काढताच भिऊ लागले असेल, तर पालकांनी गप्प राहू नये. शिक्षकास व मुख्याध्यापकांस शांतपणे भेटून विचारावे. शिक्षकानेही पालकांस आदराने उत्तर दिले पाहिजे, आणि परीक्षा जवळ आल्यावर सराव आवरता घेतला पाहिजे. करारातील कलमे तिन्ही पक्षांस सारखीच बंधनकारक असतात.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत पुरुष व महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारतास मिळाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या मैदानातील प्रत्येक मूल तेथवर जाणार नाही, आणि तसा हट्टही कोणी धरू नये. परंतु वेळेवर येणे, वाट पाहणे, हार पचविणे आणि दिलेला शब्द पाळणे ह्या चार गोष्टी प्रत्येकास येथेच शिकता येतील. तरी पालकांस विनंती की, मुलाचे नाव संघाच्या यादीत लागताच एकदा शाळेत येऊन क्रीडाशिक्षकाची भेट घ्यावी, आणि सरावाच्या वेळा व सामन्यांचे दिवस विचारून घ्यावेत.