‘पाहिजे’ : एका लुप्त क्रियारूपाचा मागोवा

शालेय व्याकरणात ‘पाहिजे’ हे क्रियापद ‘आहे’, ‘नाही’, ‘नको’ यांच्या पंक्तीत ‘अनियमित’ म्हणून बसविले जाते. वसई-विरार परिसरातील वर्गात सामवेदी, वाडवळी, गुजराती, हिंदी अशा भिन्न घरभाषांचे विद्यार्थी एकत्र शिकतात. ‘मला आंबे पाहिजेत’ या वाक्यात ‘मी’चे ‘मला’ का होते आणि क्रियापद अनेकवचनी का, या त्यांच्या शंकेचे निरसन ‘अनियमित’ या संज्ञेने होत नाही. त्यासाठी भाषेच्या इतिहासाकडे वळावे लागते.

संस्कृतातील कर्मणी ‘-यते’ हा प्रत्यय प्राकृतात ‘-इज्जइ’ व प्राचीन मराठीत ‘-इजे’ झाला. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) भाषेत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘देखिजे’ अशी रूपे विपुल आहेत. ‘बोलिजे’ म्हणजे ‘बोलले जाते’. कालांतराने ही रूपव्यवस्था लोपली. तिचे दोन ठळक अवशेष मात्र आपल्या नित्य बोलण्यात टिकले. ‘म्हणिजे’ (म्हटले जाते) याचे ‘म्हणजे’ हे अव्यय झाले. ‘पाहिजे’चा मूळ अर्थ ‘पाहिले जाते’. ‘स्थळ पाहणे’, ‘वाट पाहणे’ या प्रयोगांत ‘पाहणे’ला शोधाची व अपेक्षेची छटा आहेच. जे शोधले जाते ते हवे असते, या वाटेने आजचा अर्थ सिद्ध झाला.

आता वरील शंका सुटते. कर्मणी रचनेत क्रियापद कर्मानुसार चालते. म्हणून ‘आंबे पाहिजेत’. गरज ज्याला आहे तो ‘मला’ असा चतुर्थीत येतो. ‘त्याने गेले पाहिजे’ येथे तर ‘त्याचे जाणे’ हीच अपेक्षित वस्तू ठरते. हिंदीतील ‘मुझे चाहिए’ची घडणही अशीच आहे.

शेक्सपिअरच्या इंग्रजीतील ‘मिथिंक्स’ हे कालबाह्य क्रियापद येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. त्यातील ‘मी’ (मला) हा कर्ता नव्हे. म्हणूनच क्रियापदाला तृतीय पुरुषाचा ‘स’ लागतो. जुन्या इंग्रजीत ‘विचार करणे’ आणि ‘भासणे’ यांसाठी दोन सगोत्र क्रियापदे होती. ‘मिथिंक्स’ दुसऱ्याचा अवशेष असून त्याचा अर्थ ‘मला वाटते’ असा आहे. इंग्रजीत हे रूप ग्रंथांपुरते उरले. मराठीतील ‘पाहिजे’ बाजारात, स्वयंपाकघरात रोज वावरते.

तात्पर्य, ‘पाहिजे’ नियमबाह्य नाही. ज्या नियमाने ते घडले, तो नियम तेवढा आपल्या विस्मरणात गेला आहे. अध्यापनात ‘अनियमित’ क्रियापदांच्या यादीसोबत हा इतिहासही सांगितला, तर पाठांतराची जागा आकलन घेईल.