देवासच्या दोन पात्या आणि डेटाबेसमधील स्कीमा

देवास हे गाव एक, पण संस्थाने दोन. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंकडे हा मुलूख आला आणि त्यांच्या वंशाच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. १८४१ पासून दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला, तरी जमिनी एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी दुसरीची. दिवाबत्ती वेगळी, पाण्याची व्यवस्था वेगळी. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव होते. देवासच्या टेकडीचे नाव त्यांनी आपल्या पुस्तकालाच दिले.

संगणकाचा विषय काढून मी देवासपासून सुरुवात का केली, असे विद्यार्थी विचारतील. रिलेशनल डेटाबेसमध्ये ‘स्कीमा’ म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माळव्यात सापडलेले नाही. शिवाय हे काम आपल्या दाराशी आलेले आहे. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतून मोडी कागद निघत असतात. नव्या पिढीचे शिक्षण हिंदीत झालेले, त्यामुळे मोडी तर राहोच, आजोबांचे बाळबोध मराठी पत्रही त्यांना नीट लागत नाही. कागद घरी परत जातो, कधी वाळवीच्या तोंडी जातो आणि आपल्या हाती उरते ती सूची. त्या सूचीत ‘संस्थान’ या रकान्याखाली नुसते ‘देवास’ लिहिले, तर तो कागद कोणत्या पातीचा हे पुढे कोणी सांगू शकणार नाही.

१९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तिचे सार असे की माहिती तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक गोष्ट एकदाच नोंदवायची आणि तक्ते खुणेच्या रकान्यांनी एकमेकांशी जोडायचे. ‘स्कीमा’ हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो आणि तिथेच नवशिके अडखळतात. एका अर्थी स्कीमा म्हणजे सगळ्या तक्त्यांचा आराखडा. दुसऱ्या अर्थी तो तक्त्यांचा नाव दिलेला गठ्ठा. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत, हे आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या अर्थाच्या स्कीमाला मी वर्गात ‘रुमाल’च म्हणतो.

पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीत ‘क्रिएट स्कीमा थोरली_पाती;’ अशी आज्ञा दिली की एक रुमाल तयार होतो. आज्ञेचे शब्द इंग्रजी लिपीतच द्यावे लागतात, नाव देवनागरीत चालते. तसाच दुसरा रुमाल ‘धाकटी_पाती’. आता दोन्हींत ‘कागद’ नावाचा तक्ता असू शकतो. ‘थोरली_पाती.कागद’ आणि ‘धाकटी_पाती.कागद’, मध्ये एक टिंब, की घोटाळा मिटला. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस एकच मानतात, ओरॅकलमध्ये स्कीमा वापरकर्त्याच्या खात्याला बांधलेला असतो. म्हणून पुस्तक वाचताना ते कोणत्या प्रणालीचे आहे, हे आधी पाहावे.

मग सरळ दोन डेटाबेसच का करू नयेत? कारण गावे, माणसे आणि टेकडी दोघांची. पोस्टग्रेसमध्ये एका स्कीमातल्या तक्त्याला दुसऱ्या स्कीमातल्या तक्त्याशी परकीय किल्लीने जोडता येते. डेटाबेसच वेगळे असले तर तसे जोडता येत नाही. म्हणून तिसरा रुमाल हवा आणि त्याचे नाव आपल्या वाटणीपत्रांतच तयार आहे: सामाईक. त्यात ‘गावे’ आणि ‘व्यक्ती’ हे तक्ते ठेवावेत.

टिंबाआधीचे नाव गाळले, तर प्रणाली तिच्याकडे असलेल्या शोधक्रमात जो स्कीमा आधी येतो त्यातला तक्ता उचलते. तक्रार करत नाही. देवासच्या रस्त्यात नुसते ‘दरबारात जायचे आहे’ म्हणणाऱ्याला वाटेकऱ्याने जवळचा दरबार दाखवावा, तसेच हे. माझा आग्रह असा की सूचीच्या कामात नेहमी पूर्ण नाव लिहावे.

व्यक्तींचा तक्ता सर्वांत अवघड. नाव हीच किल्ली करू नये. धारच्या गादीवर आनंदराव एकाहून अधिक, उदाजीरावही. देवासला तुकोजीराव पुन्हा पुन्हा. उलट एकाच माणसाची नावे दोन. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर गेले आणि शहाजी महाराज झाले. म्हणून व्यक्तीला अर्थहीन क्रमांक द्यावा, नावांचा तक्ता वेगळा करावा आणि प्रत्येक नावाबरोबर ते केव्हापासूनचे, हेही लिहावे. साहित्याच्या माणसाला ‘अर्थहीन’ शब्द खटकतो, पण क्रमांकात अर्थ नसतो म्हणूनच तो बदलावा लागत नाही.

तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. दुसरे बाजीराव १० जानेवारी १७७५ रोजी धारच्या किल्ल्यात जन्मले. तो दिवस शक १६९६ मध्ये येतो, सुहूर सन ११७५ मध्ये येतो आणि विक्रम संवत १८३१ मध्येही. सुहूर सन मृगाला, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी बदलतो. म्हणून इसवी सन काढताना सुहूर वर्षाच्या पूर्वार्धात ५९९ मिळवायचे आणि उत्तरार्धात ६००. त्यातून माळव्याची खास अडचण: आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. मराठी कागदातली माघ वद्य पंचमी हिंदी कागदात फाल्गुन कृष्ण पंचमी होते. दोन्ही कागद एकाच घरात सापडतात. तेव्हा ‘मूळ मिती’ हा रकाना कागदात आहे तशा शब्दांत ठेवावा, ‘पद्धत’ हा दुसरा आणि काढलेली इसवी तारीख तिसरा. तिसरा चुकला तर पहिल्यावरून दुरुस्त करता येतो. पहिलाच नसेल तर काही करता येत नाही. मोडी अक्षरांना २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळालेली आहे, त्यामुळे मूळ मिती मोडीतही नोंदवता येईल.

मराठीत नावे देताना एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइटांची आहे. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी अक्षराला ३, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांनाही प्रत्येकी ३. ‘धाकटी_पाती_कागदपत्रे_सूची’ हे नाव मोजून पाहा: ६९ बाइट. प्रणाली एक सूचना देते, शेवटचा ‘ची’ उडवते आणि ‘सू’वर थांबते. म्हणून नावे आखूड ठेवावीत. कागद, गाव, व्यक्ती, मिती पुरेत.

राहिला परवानगीचा प्रश्न. घरचे लोक कागद विश्वासाने देतात. त्यांत वाटण्या असतात, कर्जे असतात, दत्तकाचे तंटे असतात आणि पुष्कळदा ‘वाचा, पण छापू नका’ अशी अट असते. अशा नोंदींसाठी ‘राखीव’ हा चौथा स्कीमा करावा. ‘ग्रँट युसेज’ ही आज्ञा ज्यांच्या नावाने द्याल, त्यांनाच तो रुमाल उघडता येतो. पण उघडता आला म्हणजे आतले वाचता आले असे होत नाही. प्रत्येक तक्त्यासाठी ‘ग्रँट सिलेक्ट’ निराळे द्यावे लागते. विद्यार्थ्यांना पहिल्या तीन स्कीमांचे वाचन द्यावे, राखीवचे देऊ नये. आणि घरच्यांनी पुढे अट काढून घेतली, तर नोंद तिच्या पातीच्या स्कीमात हलवावी.