शंका-समाधान : रिव्हॉल्व्हरची नळी काय सांगते?

या महिन्यात जालना जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नळ्यांविषयी बरेच प्रश्न आहेत. त्यांतल्या चारांची उत्तरे देतो. शस्त्र पाहण्याआधी ते परवानाधारकाने स्वतः हातात घ्यावे, सिलिंडरची सगळी घरे रिकामी करावीत आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : आजोबांच्या वेळचे .४५५ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर आमच्याकडे परवान्यावर आहे. नळी चारच इंच भरते. फोटोंत मात्र ती लांब दिसते. आमची नळी कोणी कापली असेल का? – एक वाचक, अंबड

उत्तर : बहुधा नाही. नळी मोजायची ती तोंडापासून सिलिंडरच्या अलीकडच्या कडेपर्यंत. सिलिंडर त्यात धरायचे नाही. वेब्लीचा मार्क १ ब्रिटिश फौजेत १८८७ साली आला तो चार इंची नळी घेऊनच. १८९९ चा मार्क ४ आणि १९१३ चा मार्क ५ यांचीही फौजेतली नेहमीची नळी तेवढीच. सहा इंची नळी रूढ झाली ती १९१५ च्या मार्क ६ पासून. पहिल्या महायुद्धात हे रिव्हॉल्व्हर फार मोठ्या संख्येने बनले, म्हणून फोटो त्याचेच जास्त सापडतात.

तेव्हा आधी मूठ पाहा. खाली गोलसर वळलेली मूठ म्हणजे जुने मार्क, तळाशी चौकोनी मूठ म्हणजे मार्क ६. मूठ चौकोनी आणि नळी चार इंची असेल, तर मात्र बारकाईने तपासा. कारखान्याने आखूड नळ्याही काही दिल्या आहेत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका. कापलेल्या नळीच्या खुणा वेगळ्या असतात: तोंडाची कडा सरळ नसते किंवा तिच्यावर कानसेचे ओरखडे असतात, टोकावरची माशी डाग देऊन बसवलेली दिसते, कोरलेली अक्षरे मध्येच तुटतात, तोंडाजवळचा निळसर-काळा मुलामा बाकीच्या नळीपेक्षा वेगळा पडतो. यांतले काहीच नसेल तर नळी मूळची समजा.

प्रश्न : आमच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला घरात ‘इंग्लिश बुलडॉग’ म्हणतात. पण नळीवर इंग्रज कंपनीचे नाव नाही. सिलिंडरवर अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरे आणि एक तारा आहे. – एक वाचक, जालना

उत्तर : ही खूण बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीघराची आहे. वेब्लीने १८७२ साली ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढले. नळी अडीच इंची, खिशात मावणारे. ते इतके खपले की लिएजच्या कारागिरांनी त्याच्या असंख्य प्रतिकृती बनवल्या. तुमचे त्यांतले असण्याची शक्यता मोठी आहे. अंडाकृतीच्या वर मुकुट आहे का, हेही पाहा. १८९३ पासून तो मुकुट घालू लागले, म्हणजे वयाचा अंदाज तिथेच लागतो. उलट, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीचा १९०४ पासूनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली बी आणि पी. नाव आणि नळीची लांबी यांची नक्कल होते. म्हणून मूळ ठरवताना चाचणीच्या शिक्क्यावर भर द्यावा.

प्रश्न : असईच्या लढाईत इंग्रज अधिकाऱ्याकडून मिळालेले रिव्हॉल्व्हर आमच्या घराण्यात आहे, असे वडीलधारी सांगत. नळीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ असे कोरले आहे. – एक वाचक, भोकरदन

उत्तर : असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले त्याला तेव्हा तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. नुसता चाप ओढून घोडा उठावा, ही रॉबर्ट अ‍ॅडम्सची रचना १८५१ ची. घोडा हातानेही चढवता यावा, ही ब्यूमाँट-अ‍ॅडम्सची सोय १८५६ ची. असईत चकमकीच्या बंदुका होत्या.

तरी इंग्रज अधिकाऱ्याचा धागा सोडू नका. जालन्याला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. हे कंटिंजंट १९०३ मध्ये भारतीय फौजेत विलीन झाले. त्या काळी ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत. सरकारी काडतूस त्यात चालले पाहिजे, ही मुख्य अट. आर्मी अँड नेव्ही हे अशा अधिकाऱ्यांचे आवडते दुकान. त्याच्या मुंबई शाखेची इमारत काळा घोड्याला आजही उभी आहे. नळीवरचे नाव दुकानाचे आहे, कारखान्याचे नव्हे. कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक सांगाड्यावर शोधा आणि दोन्ही जसेच्या तसे उतरवून ठेवा.

प्रश्न : वडील वारले. त्यांचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. नळी गंजली आहे. ओळखीचा कारागीर पॉलिश करून निकेल चढवून देतो म्हणतो. – एक वाचक, परतूर

उत्तर : पॉलिश करू नका आणि शस्त्र घरातही ठेवू नका. परवानाधारकाच्या निधनानंतर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते, असे शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम २१ सांगते. वारसाला परवाना मिळण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात अर्ज करा. .४५५ आणि .३८० ची काडतुसे ज्यांत चालतात ती रिव्हॉल्व्हर ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

पॉलिशच्या चाकाखाली शिक्के आणि अनुक्रमांक झिजतात. शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणेही परवान्याविना चालत नाही. संग्राहकाच्या दृष्टीनेही मूळ मुलाम्याची गंजलेली नळी नव्या निकेलच्या नळीपेक्षा मोलाची असते. गंज वाढू नये इतके तेल शस्त्रविक्रेत्याकडून लावून घ्या.

पुढच्या वेळी पत्र लिहिताना नळीची लांबी, मुठीचा आकार आणि सगळ्या खुणांची नक्कल पाठवा. अनुक्रमांक मात्र पत्रात लिहू नका, तो परवान्याच्या नोंदीशी स्वतः ताडून पाहा. आणि नळीवर कानस किंवा पॉलिशचे चाक कोणालाही लावू देऊ नका, कारण पुसलेली खूण परत मिळत नाही.